पंखावरचे हिम आणि पडद्यावरचे विमान

संगणकाच्या पडद्यावर विमान उडविणाऱ्या हौशी मंडळींचा छंद आज कोणत्या थराला पोहोचला आहे ते पाहून यावे, असा संपादकांचा हुकूम झाला. आणि मूळ फ्लाइट सिम्युलेटरला जोड म्हणून स्वतंत्रपणे मिळणारी ॲड-ऑन विमाने न्याहाळीत असता माझे लक्ष एटीआर ७२ या टर्बोप्रॉपवर जे खिळले ते तेथून हललेच नाही. आपल्या कोल्हापूर-जळगावच्या धावपट्ट्यांवर उतरणारे हेच ते विमान. कॉकपिटमधील प्रत्येक बटण, दिवा आणि इशाऱ्याचा स्वर पडद्यावर इतक्या निष्ठेने उतरविलेला असतो की, त्यामागच्या कारागिरांविषयी नितांत आदर वाटतो.

मला मात्र मोह पडला तो पंखाच्या अग्रधारेवरील रबरी बुटांचा. बहुतेक जेट विमाने इंजिनातील तप्त हवा पंखांत खेळवून हिम वितळवितात आणि मेघांचे थर झपाट्याने ओलांडतात. टर्बोप्रॉपपाशी एवढी फाजील हवा नसते आणि जेथे हिम धरते त्याच उंचीवरून त्याचा बराचसा प्रवास होतो. म्हणून इंजिनाकडून घेतलेल्या थोड्याशा हवेने रबराच्या नळ्या फुगवावयाच्या, वर जमलेला थर तडकवावयाचा आणि त्याचे तुकडे उडवून नेण्याचे काम वाऱ्यावर सोपवावयाचे, अशी ही तजवीज. गुडरिच कंपनीतून निवृत्त झालेले रसायनज्ञ विल्यम गीअर यांनी, पृष्ठभागाला तेले चोपडण्याचे प्रयोगही करून पाहिल्यावर, ती १९३० च्या सुमारास सिद्ध केली. एटीआरमध्ये हे बूट ६० किंवा २४० सेकंदांच्या आवर्तनाने फुगतात. वैमानिकाच्या खिडकीबाहेर एक लहानसा दांडा असतो. त्यावर हिम दिसत आहे तोवर विमान हिममुक्त झाले असे कोणी मानू नये, एवढेच त्याचे प्रयोजन. बाजूच्या खिडकीच्या न तापविलेल्या काचेवर हिम पसरले, तर मात्र प्रकरण बुटांच्या आवाक्याबाहेर गेले असे समजून त्या मेघातून तत्काळ बाहेर पडावे, असा दंडक आहे.

त्या दंडकाची निकड अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रोझलॉनच्या अपघाताने पटविली. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकन ईगलच्या ४१८४ क्रमांकाच्या उड्डाणाचे एटीआर ७२ विमान शिकागोला उतरण्याची परवानगी मिळेतो इंडियानाच्या आकाशात १०,००० फुटांवर घिरट्या घालीत होते. तेथील अतिशीत जलबिंदू नेहमीपेक्षा मोठे असल्यामुळे लागलीच न गोठता मागे ओघळले, आणि बूट जेथे संपतात त्याच्या पलीकडे, एलेरॉनच्या, म्हणजे विमानाला डावी-उजवीकडे कलविणाऱ्या पंखावरील झडपेच्या, पुढ्यात हिमाचा एक बांध उभा राहिला. पुढे खाली येताना फ्लॅप्स आत घेतल्यावर पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढला, बांधामागचा प्रवाह फाटला, एलेरॉन आपणहून ओढला गेला, ऑटोपायलट सुटला आणि विमान उजवीकडे उलटले. ६८ जणांपैकी एकही वाचला नाही. त्यानंतर एटीआरचे बूट मागच्या बाजूस वाढविण्यात आले.

पडद्यावरच्या विमानाविषयीची माझी चिंता येथेच सुरू होते. हिमाचा जमाखर्च वजन आणि वायुरोध या दोन खात्यांत मांडणे प्रोग्रामला सोपे जाते. पण रोझलॉनला घात केला तो हिमाच्या आकाराने आणि जागेने. शिवाय एटीआरचे एलेरॉन हायड्रॉलिकच्या मध्यस्थीवाचून थेट वैमानिकाच्या हातांशी जोडलेले असतात, त्यामुळे वाऱ्याची ओढ हातांना कळते; घरातील साध्या जॉयस्टिकची स्प्रिंग ती मूठ मध्यावर परत आणण्यापलीकडे काहीच जाणत नाही, आणि हातातून हिसकली जाणारी मूठ तिला दाखविताच येत नाही. नासाच्या क्लीव्हलँड येथील ग्लेन केंद्राने हिमग्रस्त ट्विन ऑटरच्या प्रतिकृतीची वातबोगद्यात मापने घेऊन ही लक्षणे हातांना जाणवतील असे प्रशिक्षण-उपकरण घडविले खरे. पण ती मापने त्या एका विमानाची, आणि तीही हिमाच्या मोजक्या आकारांची. वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरांनी स्टॉल (पंखाची उचल हरपणे) आणि हिम यथार्थ दाखवावे, असे अमेरिकेने २०१६ साली नियमाने मुक्रर केले. घरच्या पडद्याला असा कोणताच कायदा लागू नाही.

९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमधील विन्हेडो येथे एक एटीआर ७२ गरगरत कोसळले आणि ६२ माणसे मृत्युमुखी पडली; त्या उड्डाणात डी-आयसिंग यंत्रणा एकापेक्षा अधिक वेळा सुरू आणि बंद झाली होती, असे प्राथमिक तपासात नमूद आहे. बटण दाबले की हिम गेले, ही समजूत हौशी वैमानिकाच्या अंगवळणी पडू नये, असे मला मनापासून वाटते. त्यातले काही तरुण उद्या खऱ्या कॉकपिटमध्ये बसणार आहेत. म्हणून ॲड-ऑन घडविणाऱ्यांकडे माझे आग्रहाचे मागणे आहे की, बूट चालू असूनही काही हिम पंखावर तसेच राहील आणि मेघातून बाहेर पडल्यावाचून ते उतरणार नाही, एवढी तरी तरतूद त्यांनी आपल्या पुढच्या आवृत्तीत करावी.