बोटाच्या चिमट्यापासून दूरच्या डॉक्टरपर्यंत

 जामखेड तालुक्याचे नाव जगभर गेले ते आरोग्याच्या कामामुळे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी शिकवले. बाळाचे वजन करणे, गरोदर बाईचा रक्तदाब बघणे, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे या बायकांच्या हातात बसले. 1971 च्या सुमारास इथे हजारी 176 बाळे वर्षाच्या आत दगावत. पुढच्या तीन दशकांत प्रकल्पाच्या गावांत हा आकडा तीसच्या खाली आला.

टेलिमेडिसिनलाही, म्हणजे दूरच्या डॉक्टरांकडून तपासून घेण्यालाही, असाच शिकलेला हात लागतो.

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही टेलिमेडिसिन सेवा 2019 पासून सुरू आहे. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. पण आजीबाई "धाप लागते" म्हणाल्या, तर ती दम्याने, हृदयाने की रक्त कमी झाल्याने, हे पडद्यावरून कसे कळणार? त्यासाठी मोजमाप हवे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटरच घ्या. तो त्वचेतून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतो. प्राणवायू असलेले रक्त लाल प्रकाश कमी शोषते, नसलेले जास्त. नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा भाग तेवढा वेगळा काढला की धमनीतल्या रक्ताचा हिशेब लागतो. ही युक्ती जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास शोधली. मात्र सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्राणवायूचा आकडा वाढवून दाखवते, असे 2020 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. आपल्याकडे हे प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला ठाऊक असायलाच हवे. आकडा चांगला दिसला, तरी मिनिटभर छातीकडे बघून श्वास मोजावेत.

छातीतला आवाजही आता दूर पाठवता येतो. मुंबई आयआयटीच्या 'बेटिक' केंद्रातून पुढे आलेला 'आयूसिंक' हा डिजिटल स्टेथोस्कोप आवाज मोठा करतो, नोंदवतो आणि फोनवरून डॉक्टरांपर्यंत पोचवतो.

अवघड प्रश्न ऊसतोडीचा आहे. दिवाळीच्या आगेमागे जामखेड भागातली कितीतरी कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद पडतात. 14 अंकी 'आभा' या आरोग्य ओळख क्रमांकाला जोडलेली नोंद परजिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही, रुग्णाच्या संमतीने, बघता येते. पण उसाच्या फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, जाऊन रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधणारे कुणीतरी लागेल, आणि हंगाम संपेपर्यंत दर महिन्याला लागेल.