क्रीडाविद्येतील उच्च अध्ययन : प्रयोजन आणि मार्ग

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी खेळाडूंच्या शरीराचा विषय निवडावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु ग्वाल्हेरकरांना तो परका वाटू नये. राणी लक्ष्मीबाईंनी जून १८५८ मध्ये ज्या भूमीवर देह ठेवला, तेथेच १८५७ च्या संग्रामाच्या शताब्दी वर्षात, ऑगस्ट १९५७ मध्ये, त्यांच्या नावाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय उभे राहिले. या विषयाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम देशात प्रथम तेथे सुरू झाला आणि १९९५ मध्ये त्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तरीही आपल्या घरांतून प्रश्न येतोच : ‘खेळात एवढे शिकून मुलगा करणार काय?’

या प्रश्नाचे उत्तर मला फार पूर्वी एका मैदानावर मिळाले. भर उन्हाळ्यात धावण्याची शर्यत होती. एक मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला आणि कोसळला. आम्ही त्याला सावलीत निजवले, तोंडावर पाणी शिंपडले आणि वाहनाची वाट पाहत बसलो. त्यातच अर्धा तास गेला. मुलगा वाचला, पण पुन्हा कधी धावला नाही. आम्हा सर्वांच्या मनात कळवळा होता. ज्ञान मात्र एकाच्याही ठायी नव्हते.

आज शास्त्र सांगते की, श्रमाने शरीराच्या आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि भान हरपू लागले, तर तो उष्माघात होय. काखेतील तापमापक अशा वेळी फसवा ठरतो. वाहन बोलवावेच, परंतु ते येईपर्यंत रुग्णाला, डोके सावरून धरून, बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवावे. आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम आहे. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर प्राण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ताज्या मुरगळीवर जोराने चोळू नये, हेही त्याच शास्त्राचे सांगणे.

दुखापत टाळणे, झाल्यास तत्काळ ओळखणे, प्रथमोपचार करणे आणि खेळाडूला पुन्हा मैदानावर केव्हा उतरू द्यावे हे वैद्यांच्या सल्ल्याने ठरवणे, ही या विद्येची चार अंगे. डावपेच शिकवणारा प्रशिक्षक निराळा आणि ही निगा राखणारा निराळा. अमेरिकेत अशा व्यावसायिकांची संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. १९९० मध्ये तेथील वैद्यक संघटनेने या व्यवसायास मान्यता दिली आणि २०१५ मध्ये त्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक करण्याचे ठरले.

आपल्याकडे हा व्यवसाय स्वतंत्रपणे तितकासा रुळलेला नाही. म्हणून विद्यार्थ्याने वाट पारखून घ्यावी. शारीरिक शिक्षणाच्या पदवीनंतर दोन वर्षांची एम.पी.एड. आणि पुढे पीएच.डी., ही एक वाट. तीत व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचे यांत्रिकी शास्त्र आणि क्रीडामानसशास्त्र यांचा अभ्यास होतो. ज्याला उपचारच करावयाचे आहेत, त्याने फिजिओथेरपीची पदवी घेऊन क्रीडाविषयक पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, अथवा वैद्यकाकडे वळावे. एम.पी.एड. झाल्याने कोणी वैद्य होत नाही, ही मर्यादा ओळखणे हाही विद्येचाच भाग आहे.

मराठी परंपरेला ही दृष्टी नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. आखाड्यातील अनुभव ग्रंथात आणि प्रयोगात उतरल्याखेरीज पुढच्या पिढीच्या हाती लागत नाही, हे या दोघांनीही जाणले होते.

माझ्या प्रबंधासाठी मी जुन्या पोथ्यांतील पाठभेद ताडून पाहत असे. ‘सर्व जण असेच म्हणतात’ एवढ्याने पाठ शुद्ध ठरत नाही, हा त्या श्रमांचा धडा. क्रीडाविद्येचा संशोधक हीच शिस्त देहाला लावतो. मैदानावर रूढ झालेला प्रत्येक उपाय तो विचारतो : हे खरे कशावरून?

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, मुलगा वा मुलगी या विद्येकडे वळू म्हणेल तर तिला कमी लेखू नका. त्या दुपारी मैदानावर असा एक शिकलेला माणूस असता, तर कदाचित तो मुलगा पुन्हा धावला असता.