‘बाहेरचे’ नावाचा रकाना

2025 च्या ऑक्टोबरात आमच्या घरकर्जाचा हप्ता परत गेला. खात्यात अठराशे रुपये कमी पडले, एवढेच कारण. बँकेने दंड लावला तो वेगळा. घरात मुलगा आणि सून दोघे मिळवते, शिवाय यांची पेन्शन, आणि तरी महिनाअखेरीस खात्यात अठराशे रुपये नसावेत? संध्याकाळी सगळे हॉलमध्ये बसलो होतो. कुणी काही बोलायच्या आत मीच बोलून गेले, "रोज रोज फोनवरून जेवण मागवल्यावर दुसरं काय होणार! सूनबाई आली आणि चूल विझली."

नेमकी माझी धाकटी नणंदही त्या दिवशी आलेली. म्हणजे हे वाक्य वडगावातून शहापूरला पोचायला एक रात्र पुरेशी. सून काही बोलली नाही. ती बैलहोंगलकडची, कन्नड घरातली. राग आला की तिचे मराठी बंद होते, आणि कन्नडही. उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला कामावरून आली की चहासुद्धा न घेता कट्ट्याशी उभी राहू लागली. एकदा तर अंगात ताप असताना रोट्ट्या थापत होती. मी म्हटले, "राहू दे गं." तर म्हणाली, "नको अत्ती, चूल विझायला नको."

मुलगा माझ्याशी कामापुरते बोलू लागला. नातू चौथीतला, तो एकदा हिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघे. असे पंधरा दिवस काढल्यावर मी एक दोनशे पानी वही आणली. खोटे कशाला सांगू, माझे म्हणणे खरे करून दाखवायलाच आणली.

हिशेबाची वही मला नवी नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षे मी ती रोज रात्री लिहीत असे. त्यातल्या तीन-चार वह्या अजून माळ्यावर आहेत. वाणसामान, दूध, भाजी, दळण, रॉकेल, धोबी असे रकाने. रविवार पेठेतून सुगीला एकदम आणलेले जोंधळे आणि तांदूळ. कोपऱ्यावरच्या दुकानातली उद्री, आणि पगार झाला की ती फेडल्याची खूण. ‘बाहेरचे’ असा रकाना मात्र कुठल्याच वहीत नाही. वर्षातून दोन-चारदा कुठेतरी एक ओळ येते, ‘सिनेमा, नंतर मसाला डोसा’, एवढीच. सौंदत्तीच्या यल्लम्माला गेलो तरी बुत्ती बांधून न्यायची. भाकरी, शेंगाचटणी, दहीभात आणि वर एक कांदा. डोंगरावर बसून खायचे आणि परत यायचे. त्यात पैसे वाचवणे होतेच, पण बाहेर खाणे म्हणजे घरात बाई नाही असा एक अर्थही होता. खानावळ हा शब्द आपल्याकडून कन्नडात ‘खानावळी’ होऊन गेला, तोही त्याच अर्थाने. खानावळ ही शिकायला आलेल्या पोरांची, बदलीवर आलेल्या कारकुनांची. ‘फॅमिली रूम’ची पाटी दिसू लागली ती पुष्कळ नंतर. आज जोंधळ्याची रोट्टी, एण्णेगायी आणि झुणका खायला मोटारी करून लोक खानावळीत जातात, आणि घरी रोट्टी कुणाला थापता येत नाही हे कौतुकाने सांगतात!

असो. तर नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मी नियम सांगितला. रात्री जेवण झाले की प्रत्येकाने दिवसभरात घराबाहेर तोंडात काय घातले ते सांगायचे. चहाचा एक कपसुद्धा सोडायचा नाही. पूर्वी नोट मोडली की खिशाला कळत असे. आता चार जणांच्या चार फोनांतून पैसे जातात, दहा रुपये, वीस रुपये, आणि कुणाचे किती गेले हे दुसऱ्याला कळत नाही. स्वतःलाही कळत नाही म्हणा. आमच्या ह्यांना पहिल्या रात्री विचारले तर म्हणाले, "मी? मी काही खात नाही बाहेर." मग मुलाने त्यांचा फोन घेऊन वाचून दाखवला.

महिना संपला तेव्हा बेरीज अशी झाली. घरच्या स्वयंपाकासाठी वाणसामान 6,850, दूध 2,700, भाजी आणि फळे 3,600, अंडी-मासे-मटण 2,150, गॅस 900. एकूण 16,200 रुपये. बाहेरचे 9,300. म्हणजे पाच माणसांच्या तोंडात गेलेले 25,500 रुपये, आणि त्यातले शंभरामागे साडेछत्तीस घराबाहेर.

मी सुनेवर ठपका ठेवला होता तो फोनवरून मागवलेल्या जेवणाचा. ते महिन्यात पाच वेळा आले होते, 1,750 रुपये. दोन रविवारी सगळे मिळून हॉटेलात गेलो त्याचे 2,500. मुलाचा ऑफिसजवळचा चहा, दुपारचा एगराइस, कुणाला तरी पाजलेला ज्यूस, सगळे मिळून 2,150. नातवाची पाकिटे आणि गोबी 800, आणि ते देणारे कोण, तर मी आणि आजोबा! सुनेचा स्वतःचा खर्च, कँटीनचा चहा धरून, 420. आणि ‘मी काही खात नाही’ म्हणणाऱ्या आमच्या ह्यांचे 1,680. चोवीस संध्याकाळी फिरायला गेले, चोवीसही दिवस मिरचीभजी आणि चहा, आणि बहुतेक वेळा एका मित्राचाही. रोजचे सत्तर रुपये. ‘सत्तर रुपयांत काय येतं हल्ली’ असे म्हणून रोज गेलेले.

बापलेकांचे मिळून 3,830. सुनेने मागवलेल्या जेवणाच्या दुपटीहून जास्त. त्याला आजवर कुणी खर्च म्हटले नव्हते, कारण ते पुरुषांचे फिरणे आणि पुरुषांचे ऑफिस.

मग मी त्या पाच तारखा पाहिल्या. पहिल्या तारखेला तिला कामावरून यायला रात्रीचे नऊ झाले होते. दुसऱ्या वेळी माझा गुडघा सुजला होता आणि मी पलंगावरून हललेच नव्हते. एकदा नातवाची परीक्षा होती, ती त्याला घेऊन बसली होती. एकदा अचानक चार पाहुणे. एकच दिवस असा की सगळ्यांनाच बिर्याणी खावीशी वाटली, आणि त्या दिवशी सगळ्यांत आधी ‘मागवू या’ म्हणाले ते मीच. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे.

त्या रात्री मी वही तिच्यापुढे ठेवली. तोंडाने काही बोलायचे जमले नाही. तिने वाचले, पानावर बोट ठेवले आणि म्हणाली, "अत्ती, मामांच्या भज्यांचा रकाना वेगळा करा." नणंदेला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. जे वाक्य तिच्यासमोर बोलले ते मागेही तिच्यासमोरच घ्यायला हवे होते.

हे फक्त आमच्याच घरात होते असे नाही. केंद्र सरकारच्या कुटुंब खर्च पाहणीत 1999-2000 साली शहरी माणसाच्या शंभर रुपयांतले 48 रुपये अन्नावर जात. 2023-24 च्या पाहणीत ते 39.68 वर आले. पण त्याच काळात पेये, फराळ आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा 6.35 वरून 11.09 वर गेला. आता अन्नाच्या यादीत सगळ्यांत मोठा आकडा तोच आहे, दुधापेक्षा मोठा आणि भाजीपेक्षाही. खेडेगावातही तसेच, तिथे हा वाटा 9.84 आहे. तांदूळ-जोंधळ्यावर खेड्यातला माणूस 1999-2000 मध्ये शंभरातले बावीसेक रुपये घालवीत असे, 2022-23 मध्ये ते पाचाच्याही आत आले. रेशनच्या फुकट धान्याचाही त्यात हात आहे. या सरकारी रकान्यात बिस्किटे आणि फरसाणही येते, त्यामुळे माझ्या वहीशी त्याची तंतोतंत तुलना होणार नाही. पण वारे कुठल्या दिशेने वाहते ते कळते.

उत्पन्न वाढले की त्यातला अन्नाचा हिस्सा कमी होतो, असे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 सालीच मांडले होते. तेव्हा हिस्सा घटणे हे सुबत्तेचेच लक्षण. माझे म्हणणे वेगळे आहे. माळ्यावरच्या माझ्या जुन्या वह्यांत स्वयंपाक स्वस्त दिसतो, कारण त्यात माझ्या हातांची किंमत कुठेच लिहिलेली नाही. पहाटेचे दळण, निवडणे, पाखडणे, चूल, भांडी. 2024 च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसातले 289 मिनिटे त्यात जातात, पुरुषांची 88. म्हणजे बाईचे पावणेपाच तासांच्या वर आणि पुरुषाचे दीड तासाच्या आत. आमची सून सकाळी साडेआठला बाहेर पडते, साडेसहाला येते. ते पावणेपाच तास तिने कुठून आणायचे? फोनवरून आलेल्या 350 रुपयांच्या जेवणात तिच्या दोन तासांची किंमत होती. माझ्या वेळी ते दोन तास फुकट धरले गेले, एवढाच फरक.

म्हणून आमच्या घरात ‘बाहेरचे’ बंद करायचे असे ठरले नाही. तरी हप्ता तर भरायचा होता. कुठे हात आखडता घ्यायचा ते वहीनेच दाखवले.

फोनवरून मागवताना आम्ही एकदा त्याच हॉटेलच्या गल्ल्यावरचा दर विचारला. तिथे 210 ला मिळणारी बिर्याणी फोनवर 255, वर डबा बांधण्याचे आणि पोचवण्याचे पैसे वेगळे. हॉटेल चालत दहा मिनिटांवर! तेव्हापासून फोन करून सांगायचे आणि मुलाने येताना आणायचे. हॉटेलचे बिलही वाचायला लागलो. साध्या हॉटेलात जेवणावर जीएसटी 5 टक्के आहे. छोट्या हॉटेलवाल्याने काँपोझिशन योजना घेतली असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेताच येत नाही. ‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नव्हे. तो सक्तीने लावता येत नाही असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले.

वाणसामानातही वाचते. 18 जुलै 2022 पासून छापील पाकिटातल्या 25 किलोपर्यंतच्या तांदूळ-डाळ-पिठावर 5 टक्के जीएसटी आहे. सुट्या धान्यावर नाही. 26 किलोची तांदळाची पोती बाजारात दिसतात ती म्हणूनच. आम्ही आणि शेजारचे कुटुंब मिळून रविवार पेठेतून पोते आणतो आणि निम्मे-निम्मे वाटून घेतो. पाकिटावर आता एकूण किमतीच्या खाली दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापलेली असते. चष्मा लावून ती वाचायची. दहा रुपयांचे पाकीट वर्षानुवर्षे दहा रुपयांचेच राहते आणि आतला माल कमी होत जातो, ते त्या बारीक अक्षरांतच पकडता येते. आमच्या नातवाला मी हे काम दिले आहे, आणि तो दुकानात मोठ्याने भागाकार करतो, दुकानदार हैराण!

त्याची गोबी मात्र घरी आली. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, तेव्हापासून माझ्या मनात ते होतेच. सुनेने घरी केली. लाल झाली नाही म्हणून त्याने आधी नाक मुरडले, मग दोन वाट्या खाल्ल्या.

सगळ्यांत मोठा बदल रविवारच्या सकाळचा. उप्पीट हे करतात. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. पहिल्या रविवारी रवा न भाजता पाण्यात टाकला, त्याची लापशी झाली आणि आम्ही ती गपचूप खाल्ली. चौथ्या रविवारपर्यंत बरे जमू लागले, फक्त भांडी आम्ही किती वापरतो त्याच्या तिप्पट निघतात. मुलगा बुधवारी रात्री एगराइस करतो. त्या दोन वेळा आम्ही दोघी सासू-सुना हॉलमध्ये बसतो आणि ‘मीठ कुठे आहे?’ याला उत्तर देत नाही.

डिसेंबरचा हप्ता वेळेवर गेला. बाहेरचे 5,900 वर आले होते, त्यात एक रविवारचे हॉटेल आणि दोन वेळा मागवलेले जेवण होते. ते दोन दिवस महिनाअखेरीचे, तिच्या कामाचे. ते आम्ही आधीच धरून ठेवले होते.

वही आता फ्रिजवर असते, पेन दोऱ्याने बांधलेले. मी मराठीत लिहिते, सून कन्नडात. तिची अक्षरे मला हळूहळू लागतात, दोन्ही भरभर वाचणारा घरात एकच, नातू. परवा जानेवारीचे पान चाळत होते. सुनेने सांगितल्याप्रमाणे भज्यांचा वेगळा रकाना आहे आणि आठ दिवस तो कोराच होता. मला जरा अभिमान वाटला. मग खाली कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक कन्नड अक्षरांत काहीतरी लिहिलेले दिसले. नातवाला बोलावून विचारले. तो आधी आजोबांकडे बघायला लागला. मग वाचले, "भजी तीस, चहा बारा. आज्जीला कन्नड येत नाही."