डाव्या हाताचं रोजचं काम

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या, वर रेडिएशनही झालं, की त्या हातातला लसिका नावाचा द्रव परत फिरायच्या वाटा कमी होतात. तो कातडीखाली साचतो. डॉक्टर याला लिम्फेडेमा म्हणतात. सूज लगेच दिसेलच असं नाही. कित्येकींना उपचार संपल्यावर महिन्यांनी, वर्षांनी येते. तोवर घरच्यांनी 'सुटलो एकदाचे' म्हटलेलं असतं.

माझ्या डाव्या हातात आधी बांगड्या रुतायला लागल्या, मग ब्लाउजची बाही. संध्याकाळी बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि रात्री हात उशीवर ठेवून झोपलं की सकाळी सूज ओसरलेली असायची. ही पहिली पायरी. इथेच हात आवरता येतो. पुढे कातडीखाली चरबी आणि तंतू वाढून तो घट्ट झाला, की नुसता उंच ठेवून उतरत नाही.

मोजायला शिंप्याची साधी टेप पुरते. मनगटापासून वर ठरावीक अंतरांवर खुणा करून घेर लिहायचा, मग त्याच जागी दुसऱ्या हाताचा. एखाद्या जागी दोन सेंटीमीटरचा फरक आला की सूज धरायची, अशी ढोबळ रीत आहे. पण कामाचा हात मुळातच जरा जाड असतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीचं माप फार मोलाचं.

मालिश म्हटलं की आपल्याला तेल लावून रगडणं आठवतं. या हाताला तसं रगडायचं नाही. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३०च्या दशकात बसवलेली मालिशची पद्धत अगदी हलक्या हाताची आहे: बोटं टेकवून नुसती कातडी सरकवायची आणि सोडायची. सुरुवातही सुजलेल्या हातापासून नाही. आधी गळ्याच्या हाडावरचा खळगा, मग उजवी काख, छातीवरून उजवीकडे, डाव्या कुशीवरून जांघेकडे. त्यानंतर दंड, कोपर, मनगट आणि शेवटी बोटं. बागेत शिपणं करताना पाटाचं पुढचं तोंड मोकळं केल्याशिवाय मागचं पाणी सोडत नाहीत, तसं हे. शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई माझा हात पुनःपुन्हा थांबवत म्हणायच्या, "जोर नको. पाणी कातडीच्या लगेच खाली आहे."

तरी खरा भार वाहते ती दाब देणारी बाही. ती मापानेच घ्यावी लागते. सैल असेल तर उपयोग नाही, आवळली तर पंजा सुजतो. सकाळी, सूज कमी असताना, रबरी हातमोजे घालून ती इंच इंच वर चढवायची, सुरकुती राहू द्यायची नाही. आमच्या रत्नागिरीतल्या मांडवीच्या दमट हवेत मे महिन्यात ही बाही म्हणजे शिक्षाच वाटते, पण तिला पर्याय नाही. मी दोन ठेवते, एक धुतलेली, एक अंगावर. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही.

"गो, हात हलवू नको," हे मायेने सांगणाऱ्या बायका आळीत खूप. हा सल्ला जुना झाला. अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हातसूज असलेल्या १४१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वर्षभर वजनं उचलणाऱ्या गटात सूज वाढली नाही. उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. स्नायू आवळले-सुटले की द्रव पुढे सरकतो. म्हणून संध्याकाळी काळ्या वाळूवरून जेटीकडे चालताना मी बाही घालून मूठ उघडझाप करत जाते, आणि घागरही उचलते, पण आधी अर्धी भरून.

जपायची ती कातडी. शिंगाळ्याचा काटा, विळीचं पातं, आंब्याच्या देठाचा चीक, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यातला ओलावा, यांतून जंतू शिरतात आणि या हातात ते पटकन पसरतात. मासे साफ करताना मी हातमोजा घालते. हात लाल, गरम होऊन दुखला, थंडी-ताप आला, तर बाही आणि मालिश थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लेप लावून सकाळची वाट बघणं धोक्याचं आहे.

पूर्वी रत्नागिरीकरांना कॅन्सर म्हटलं की परळचं टाटा रुग्णालयच दिसायचं. आता आपल्याच जिल्ह्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालयही आहे. कुठेही शस्त्रक्रिया करून घ्या, पण आधी तीन गोष्टी विचारा: सगळ्या गाठी काढाव्याच लागतील का, की आधी पहिल्या एक-दोन गाठी तपासून भागेल? दोन्ही हातांचं माप आजच कोण घेईल? आणि घरी सोडण्यापूर्वी फिजिओथेरपिस्ट भेटतील का?