गोणपाटापासून बसच्या बाकापर्यंत

दुपारी बाराच्या पुढे सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते. त्या वेळी स्वारगेट, पुणे स्टेशन, येरवडा, हडपसर, दापोडी यांपैकी कोणत्याही थांब्यावर पाच मिनिटे उभे राहावे. पीएमपीची गाडी लांबून दिसताच मुलांचा लोंढा तिच्या दिशेने धावतो. उतरणाऱ्यांना उतरू न देता पोरे आत घुसतात. खिडकीतून दप्तर फेकून जागा धरली जाते. कंडक्टर "पास दाखवा, पास दाखवा" म्हणून घसा कोरडा करतो, पण कोणी खिशात हात घालत नाही. कोणी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतो, कोणी पुढच्याची टोपी मागे फेकतो, दोघे-तिघे दारातच लोंबकळतात. आणि या सगळ्या गोंधळात मार्केट यार्डातून पाटी घेऊन निघालेली एखादी म्हातारी दांड्याला धरून कशीबशी उभी असते.

ही मुले कोणाची, असा प्रश्न विचारण्याची गरज नाही. ती तुमची-आमचीच आहेत. बंगल्यातली मुले शाळेच्या पिवळ्या गाडीने नाहीतर आईबापांच्या मोटारीने जातात. ताडीवाला रस्ता, कासेवाडी, दांडेकर पूल, जनता वसाहत, रामटेकडी, बोपोडी या भागांतली मुले सार्वजनिक बसनेच शाळेत जाणार. म्हणून या विषयावर आपल्या घरांतच चार शब्द बोलले जावेत, असे आम्हाला वाटते.

दोष एकट्या मुलांचा नाही

आधी मुलांची बाजू ऐकून घेऊ. पाच-सहा तास बाकावर दाटीने बसलेले पोर शाळा सुटल्यावर उड्या मारणारच. त्याच्या पाठीवर ओझे असते, पोटात भूक असते. थांब्यावर गाडी वेळेवर येत नाही. आली तर आधीच भरलेली असते. काही वेळा मुलांची गर्दी पाहून ड्रायव्हर गाडी थांब्याच्या पुढे नेऊन उभी करतो किंवा थांबवतच नाही. मग मूल शिकते काय? धावल्याशिवाय, ढकलल्याशिवाय आपल्याला जागा नाही! रांगेत उभा राहणारा मागे राहतो, हा धडा त्याला गणवेशाबरोबरच मिळतो.

पुण्यात १९५० साली पीएमटी सुरू झाली. २००७ साली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपी झाली. शहर चहूबाजूंनी वाढले, पण गाड्या त्या मानाने वाढल्या नाहीत. तेव्हा गाड्यांची मागणी आपण केलीच पाहिजे. पण गाडी अपुरी आहे म्हणून आतले वर्तनही सोडून द्यायचे काय? गर्दी आपल्या हातात नसते. गर्दीत कसे वागावे हे मात्र असते.

जागेची किंमत

बसच्या बाकावर कोणीही कोणाशेजारी बसावे, ही गोष्ट आजच्या मुलांना हवेसारखी फुकट वाटते. ती फुकट मिळालेली नाही, हे त्यांना सांगणारे घरातच कोणी असले पाहिजे.

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा त्यांना वर्गात इतर मुलांबरोबर बसण्याची मुभा नव्हती. कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचे. शाळेतला गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा घेऊन यायचे. आपले मूल आज पाठीवर दप्तर घेऊन जाते. लहानगा भीम दप्तराबरोबर आपली बसायची जागासुद्धा वाहून नेत होता.

प्रवासाची कथा त्याहून कठीण. १९०१ सालच्या सुट्टीत भीमराव आपल्या भावाबरोबर आणि घरातल्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाले. अंगात नवे कपडे, मनात आनंद. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तरने विचारपूस केली आणि जात कळताच तो मागे सरकला. एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनीच हाकायचे आणि तो स्वतः बाजूने चालणार. रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिजा' या आठवणींत लिहून ठेवले आहे.

पुढे संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही सार्वजनिक वाहनात बसू न देणे हा गुन्हा ठरवला. म्हणजे आज आपले मूल ज्या बाकावर बसते त्याच्याखाली एवढा इतिहास आहे.

त्याच १९५५ साली सातासमुद्रापार अमेरिकेत काय घडले तेही मुलांना सांगावे. माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमध्ये मागे बसायचे आणि गोऱ्यांना जागा हवी असेल तर उठायचे, असा नियम होता. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कोल्विन नावाची १५ वर्षांची मुलगी शाळेतून घरी चालली होती. गोऱ्या बाईसाठी जागा सोडायला ड्रायव्हरने सांगितले. बरोबरच्या मुली उठल्या. क्लॉडेट उठली नाही. पोलिसांनी तिला ओढून बाहेर काढले आणि बेड्या घातल्या. पुढे नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला, रोझा पार्क्स यांनीही जागा सोडली नाही आणि त्या शहरातल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. माणसे मैलोन्‌मैल पायी कामाला गेली. कोर्टात ज्या स्त्रियांच्या नावाने खटला लढवला गेला, त्यांत क्लॉडेटही होती. डिसेंबर १९५६ मध्ये तो नियम संपला. आपल्याकडे नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा झाला तेच हे वर्ष.

आता कोणी मूल म्हणेल, "मग मी जागा का सोडू? क्लॉडेटने तर सोडली नव्हती." प्रश्न चांगला आहे आणि उत्तर सोपे आहे. तू खालचा आहेस म्हणून ऊठ, असे कोणी म्हणाले तर उठायचे नाही. ती लाचारी आहे. पण समोर पोटुशी बाई उभी आहे, म्हातारा उभा आहे, कडेवर लेकरू घेतलेली आई उभी आहे, तेव्हा कोणी न सांगता उठायचे. ती माणुसकी आहे. ज्याला आपल्या हक्काची किंमत कळली तोच दुसऱ्यासाठी आपल्या खुशीने उठू शकतो. आणि जो खिडकीतून दप्तर फेकून जागा बळकावतो, त्याला हक्क आणि दांडगाई यांतला फरक अजून कळलेला नाही.

मुलींची वाट

या विषयातली सर्वात गंभीर गोष्ट आता सांगतो. पीएमपीत डाव्या बाजूची बाके स्त्रियांसाठी राखीव असतात. तिथे मोठी मुले जाऊन बसतात आणि उठवले तर हसतात. इथवर असते तर टवाळकी म्हणून सोडले असते. पण गर्दीचा फायदा घेऊन मुलींना धक्के देणे, नावे ठेवणे, अंगावरून शेरे मारणे, मोबाईलवर त्यांचे फोटो काढणे, थांब्यापासून गल्लीपर्यंत मागे येणे, असेही प्रकार होतात.

मुलगी घरी सांगत नाही. का सांगत नाही? कारण सांगितले तर पहिली गोष्ट काय होईल हे तिला ठाऊक असते: शाळा बंद. "नको ती शाळा, घरात बस, भावाला सांभाळ." गुन्हा करणारा मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच बसने शाळेत जातो आणि मुलगी घरी बसते. आईने चार घरची धुणीभांडी करून जे शिक्षण चालवले ते अशा तीन-चार टवाळखोरांमुळे थांबते.

याच पुण्यात १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीमाई शिकवायला निघाल्या की रस्त्यात त्यांच्यावर शेण-माती फेकली जाई. त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत, पण त्यांनी वाट सोडली नाही. शाळेच्या वाटेवर मुलीला छळणारा आजचा मुलगा त्या शेण फेकणाऱ्यांच्याच रांगेत उभा आहे. घरच्या भिंतीवर सावित्रीमाईंची तसबीर आणि बसमध्ये हे वर्तन, हे कसे चालेल? ज्या घरात मुलगा आहे त्या घराने हे त्याला तोंडावर सांगावे.

आणि मुलींनाही सांगावे की तू मोठ्याने बोल. कंडक्टरला सांग, शेजारच्या मावशीला सांग. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा आणि ११२ हा पोलिसांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. मुलीने तक्रार केली तर शाळा तिची बंद होणार नाही, हे वचन मात्र आईबापांनी आधी द्यावे. नाहीतर नंबर लिहून उपयोग नाही.

दारात लोंबकळणारे

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे गाडीच्या पायरीवर उभे राहून प्रवास करणे बेकायदेशीर आहे. पण पोरांना त्यात मर्दुमकी वाटते. नव्या गाड्यांना आपोआप मिटणारे दरवाजे आहेत, ते ही मुले पाय घालून मिटू देत नाहीत. पाठीवरचे दप्तर शरीराला बाहेर ओढते. गाडीने वळण घेतले किंवा ड्रायव्हरने ब्रेक दाबला की घामेजलेला हात दांड्यावरून सुटायला एक क्षण पुरतो. मग चाकाखाली जायला वेळ लागत नाही. पाच मिनिटे उशिरा घरी पोहोचलेला मुलगा आईला हवा असतो.

कंडक्टरही कष्टकरीच

खाकी कपड्यातला माणूस म्हणजे चेष्टेचा विषय, असे मुलांना वाटते. घंटीची दोरी उगाच ओढायची, कंडक्टरला टोपणनाव ठेवायचे, सीटचे रेक्झिन ब्लेडने फाडायचे, पाठीमागे नावे कोरायची! कंडक्टर-ड्रायव्हर हेही आपल्यासारखेच कष्टकरी. आपल्या समाजातले कितीतरी भाऊ-बहिणी याच नोकरीवर घर चालवतात. दिवसभर उभ्याने तिकीट फाडणाऱ्या बापाची चेष्टा झालेली आपल्या मुलाला आवडेल काय?

महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना पुणे महापालिका मोफत पास देते, खासगी शाळेतल्यांना मोठी सवलत देते. तो पैसा लोकांच्या करातून येतो. जून २०२५ पासून पीएमपीचे किमान तिकीट १० रुपये झाले आहे. रोज दोन वेळा तिकीट काढून मूल शाळेत पाठवणे कष्टकऱ्याला परवडणारे नाही. पासाची किंमत यावरून मुलाला समजावून द्यावी.

घरी आणि वस्तीत काय करावे?

पालकांनी महिन्यातून एक दिवस मुलाबरोबर त्याच बसने जाऊन यावे. शिव्या देऊन कळत नाही ते एका फेरीत डोळ्यांना दिसते. मुलाला चार सवयी लावाव्यात: उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे, गर्दीत दप्तर पाठीवरून काढून पुढे धरावे, पास न मागता दाखवावा, मोबाईलचा आवाज बंद ठेवावा. मोठ्या वर्गातल्या मुलांकडे वस्तीतली लहान मुले सोपवावीत. जबाबदारी मिळाली की दांडगा पोरही शहाणा होतो, हा आमचा अनुभव आहे.

गाडी थांबत नसेल तर दगड मारून प्रश्न सुटत नाही. गाडीचा नंबर, मार्ग, थांबा, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. आठ-पंधरा दिवसांची नोंद झाली की रविवारी विहारात बसून अर्ज लिहावा, वीस-पंचवीस पालकांच्या सह्या घ्याव्यात आणि जवळच्या आगारात देऊन पोच घ्यावी. तो अर्ज मुलांनाच लिहायला लावावा. शिका, संघटित व्हा हे नुसते भाषणात म्हणण्यापेक्षा एक अर्ज मुलाला जास्त शिकवून जातो. त्या अर्जात शाळा सुटण्याच्या वेळी जादा गाडी मागावी आणि मुलींना त्रास होतो तो थांबा कोणता, हेही स्पष्ट लिहावे.

लहानग्या भीमाला गाडीत बसण्यासाठी दुप्पट भाडे मोजावे लागले आणि वर बैल हाकावे लागले. आपल्या मुलाला ती जागा हक्काने मिळते. उद्या सकाळी त्याच्या हाती डबा देताना एवढे सांगा: बाळा, हक्काने बस, आणि गरजवंत दिसला की आपणहून ऊठ.