रॉड पॉड

रॉड पॉड : गळाने कार्प मासा पकडताना दोन ते चार गळकाठ्या काठावर पेलून धरणारी सुटी चौकट. कार्पच्या मत्स्यपारधीत आमिष पाण्यात सोडून तासन्‌तास वाट पाहावी लागते. मऊ जमिनीत त्यासाठी खुंट रोवतात. काँक्रीटच्या, खडीच्या किंवा लाकडी फळ्यांच्या काठावर ते रोवता येत नसल्याने रॉड पॉड वापरतात.

कार्प मोठा व जोरकस असतो. इंग्लंडमधील रेडमायर तळ्यात रिचर्ड वॉकर यांनी १९५२ साली पकडलेला कार्प ४४ पौंडांचा (सु. २० किग्रॅ.) होता. म्हणून निवड करताना प्रथम स्थैर्य पाहावे. पाय फाकलेले व चौकट ठेंगणी असल्यास गुरुत्वमध्य खाली राहतो आणि चौकट सहसा कलंडत नाही. तीन पायांची चौकट उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही. चार पायांच्या चौकटीत प्रत्येक पायाची लांबी स्वतंत्रपणे बदलता यावी लागते. ॲल्युमिनियमची चौकट हलकी, तर अगंज पोलादाची जड पण वाऱ्यात अधिक स्थिर असते.

तळ्यात काठ्या साधारणपणे आडव्या ठेवतात. नदीत दोरीवर प्रवाहाची ओढ कमी पडावी म्हणून त्यांची टोके उंच करतात. त्यामुळे पुढील पाय लांब करण्याची सोय असावी.

रीळ घट्ट आवळलेले असल्यास मात्र उत्तम चौकटही उलथते. काठी पाण्यात जाते आणि दोरीसह पळालेला मासा झाडोऱ्यात अडकून मरण्याचा संभव असतो. यास्तव रिळाची पकड सैल व काठ्या दोरीच्या दिशेत ठेवाव्यात.