थोरल्याची कविता, धाकट्यांच्या तोंडून

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली आणि कारखान्याच्या कामासाठी आलेल्या माणसांनी खुर्सीपारसारख्या वस्त्या भरल्या. त्यांत मराठी घरंही आली. अशा घरांत थोरल्याच्या डोक्यावर भार पुष्कळ, पण तो स्वतःविषयी फारसं बोलत नाही. मराठी कवितेतही तेच दिसतं. थोरलेपणाची उत्तम कविता आपल्याकडे आहे. मात्र ती दुसऱ्यांनी रचलेली आहे, आणि तिचा घाटही त्यातूनच आला आहे.

आळंदीची चार भावंडंच घ्या. निवृत्तिनाथ थोरले, मग ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ताई. ज्ञानेश्वरीत (1290) ज्ञानदेव जागोजागी आपल्या बोलण्याचं श्रेय त्यांना देतात, भाऊच गुरू. खुद्द निवृत्तिनाथांच्या अभंगांत मात्र घरची गोष्ट जवळजवळ नाहीच, आणि शेवटच्या नाममुद्रेपाशी पुष्कळदा त्यांचे गुरू गहिनीनाथ येतात.

ताटीच्या अभंगांत धाकटी बोलते. ज्ञानदेव रागावून दार लावून बसलेत, मुक्ताई बाहेर उभी. छंद लहान अभंगाचा : आठेक अक्षरांचे दोन-दोन चरण, यमकाने बांधलेले. प्रत्येक अभंगाचा शेवटचा चरण ठरलेला, त्यात ताटी म्हणजे दार उघडण्याची विनवणी आणि भावाचं नाव, ‘ज्ञानेश्वरा’. त्या नावाशी यमक जुळायचं म्हणून आधीचा चरणही बहुतेक वेळा ‘रा’वर येऊन टेकतो. उपदेश ब्रह्मापर्यंत चढला तरी यमक त्याला भावाच्या दारात परत आणतं. धाकट्या बहिणीने मोठ्या भावाला मोठेपण शिकवावं, हे धाडस मला या यमकामुळेच पटतं. यमक काढा, मागे नुसती शिकवण उरेल.

थोरल्याचं खरं दुःख मात्र नामदेवांच्या गाथेतल्या समाधीच्या अभंगांत आहे. 1296 साली ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली, तेव्हाचा निवृत्तिनाथांचा आकांत नामदेव सांगतात. इथे मोठा अभंग येतो : सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक, आणि चौथा चरण चारच अक्षरांचा. बांधलेली पेंढी सुटावी, तळ्याचा बांध फुटावा, अशा प्रतिमा ओळीने येतात. पहिले तीन चरण त्या पसरत नेतात आणि चौथ्यात दोन अक्षरं कमी पडतात. वाचताना श्वास तिथेच तुटतो. हरिपाठाचा आनंदही ज्या छंदात मावतो, तोच छंद इथे हुंदका होतो. मराठी छंदाचं याहून मोठं सामर्थ्य मला दुसरीकडे क्वचितच दिसलं.

त्या आकांतात एक तुलना आहे. आईबाप सोडून गेले तेव्हाही असं संकट वाटलं नव्हतं, असं निवृत्तिनाथ म्हणतात. तेव्हा पाठची तिघं सांभाळायची होती. पुढच्या काही महिन्यांत सोपान सासवडला गेले, मुक्ताई तापीकाठी गेली, आणि 1297 मध्ये त्र्यंबकेश्वरी सर्वांत शेवटी समाधी घेतली ती थोरल्याने.